धरणाला सरोवर म्हणूं नये

पावसाळा अर्धा सरला म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबें मोटारी काढून पाणी पाहावयास निघतात. यवतमाळहून निघालेली मोटार बोरी अरब येथें अडाण नदी ओलांडते. दारव्हा, दिग्रस, पुसद हीं गांवें मागें टाकते. उमरखेडच्या पुढें पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याशीं थांबते आणि दिवेलागणीच्या सुमारास परत फिरते. ह्या वाटेनें आम्हीहि गेलों आहों. मुलें आनंदतात, डबे रिकामे होतात, मनावरचें ओझें उतरतें. ह्यांत वाईट कांहींच नाहीं. आमची तक्रार आहे ती परत आल्यावर जें वर्णन ऐकावें लागतें त्याविषयीं. 'नायगारा', 'काश्मीर' आणि 'सरोवर' ह्या तीन शब्दांपलीकडे तें जात नाहीं.

पैकीं पहिले दोन शब्द नुसते पोरकट आहेत. तिसरा मात्र खोटा आहे. खरें सरोवर पाहावयाचें असेल तर बुलढाणा जिल्ह्यांत लोणारास जावें. आकाशांतून पडलेल्या दगडानें काळ्या पाषाणांत सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खळगा पाडला, त्यांत खारें पाणी साठलें. २०२० सालच्या जूनांत तें गुलाबी झालें तेव्हां सारें जग तिकडे पाहूं लागलें. आमच्या वाटेवर जें अफाट पाणी दिसतें तें तसलें नव्हे. दिग्रसजवळ अरुणावती अडविली आहे, पुसदजवळ पूस नदी, आणि पैनगंगा इसापूरला. हीं सारीं पाणीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत माणसानें साठविलेलीं. खुद्द सहस्रकुंडावरून जें पाणी कोसळतें त्याच्याहि वरच्या अंगास इसापूरची भिंत उभी आहे.

शब्दांत काय आहे, असें कोणी विचारील. सरोवर कोणीं केलेलें नसतें, म्हणून त्याबद्दल कोणी कोणाचें देणें लागत नाहीं. धरणाचें तसें नाहीं. त्याच्या तळाशीं कोणाचीं तरी शेतें आहेत, विहिरी आहेत, गांवठाण आहे. गेल्या भाद्रपदांत अशाच एका पाण्याच्या कांठीं आम्ही उभे होतों. आमच्यांपैकीं एकजण नुकताच म्हणाला होता, "किती नयनरम्य सरोवर!" जवळच शेळ्या राखीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानें हातांतील काठी पाण्याकडे उगारली आणि तो अगदीं सहज म्हणाला, "तिकडे आमचं घर होतं जी. मारोतीचा ओटा उन्हायात आजबी दिसते." पुढें कोणास कांहीं बोलवेना. परत येतांना मोटारींत नेहमींचीं गाणीं झालीं नाहींत.

इंग्लंडांतील सरोवरांच्या प्रदेशावर आमच्या सुशिक्षितांचें कॉलेजांतील कवितांपासून प्रेम आहे. तेथील कवि वर्ड्स्वर्थ ह्यानें १८४४ सालीं विंडरमियरकडे येऊं घातलेल्या आगगाडीस वर्तमानपत्रांतून विरोध केला. गिरण्यांतील मजुरांस निसर्गसौंदर्य काय कळणार, हा त्याचा रोख आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु त्याच प्रदेशांत पुढें मँचेस्टर शहराच्या पाण्यासाठीं हॉजवॉटर सरोवरास बांध घातला गेला, आणि १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत मार्डेल नांवाचें खेडें बुडालें. अवर्षणांत पाणी उतरलें कीं त्या खेड्याच्या भिंती वर येतात आणि लोक मुद्दाम त्या पाहावयास जातात. त्यांनीं नांव तरी जपलें आहे. आमच्या सहलकऱ्यांतील किती जणांना इसापूरच्या किंवा अरुणावतीच्या बुडितांतील एका तरी गांवाचें नांव सांगतां येईल?

धरणें बांधूंच नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. कालव्याचें पाणी ज्याच्या शेतास लागलें त्याला हें बोलणें हास्यास्पद वाटेल, आणि तो बरोबर असेल. परंतु इसापूरच्या पाण्याचा मोठा वांटा नांदेड-हिंगोलीकडे जातो, आणि आमच्या जिल्ह्यांतील कपाशीचा शेतकरी बहुतांशीं आभाळाकडेच पाहत असतो. कोणाचें बुडालें आणि कोणाचें भिजलें, हा प्रश्न पाण्याकडे पाहून सुटत नाहीं. त्यासाठीं वाटेंतील गांवांत उतरावें लागतें. आणि तेवढेंच आमच्याकडून होत नाहीं.

पूर्वी मूर्तिजापूर-यवतमाळ ही किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची आगगाडी दारव्ह्यावरून जाई. लोक तिला शकुंतला म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें आणि चाल अशी कीं प्रवाशास वाटेंतील गांवांचीं नांवें पाठ व्हावींत! आतां ती बंद आहे, आणि मोटार कोठेंच थांबत नाहीं. १९३० च्या जुलैंत लोकनायक अणे ह्यांनीं ज्या पुसदेस जंगल सत्याग्रह केला, ज्या तालुक्यानें वसंतराव व सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री दिले, तें गांव सहलकऱ्यांच्या लेखीं पेट्रोल भरण्याची जागा! बोरी अरबला तर मोटारीचा वेगहि कमी होत नाहीं. अडाणच्या पुरानें वाट अडली तरच लोक तेथें उतरणार; आणि तेव्हांहि विचारणार तें वाट केव्हां मोकळी होईल एवढेंच.

ह्या सर्वाची आज निकड आहे ती अशी. ह्याच पैनगंगेवर निम्न पैनगंगा प्रकल्पास १९९७ सालीं मान्यता मिळाली, आणि बुडितांत जाणाऱ्या यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील गांवांनीं त्यास वर्षानुवर्षें विरोध चालविला आहे. त्यांचें म्हणणें बरोबर कीं सरकारचें, ह्याचा निवाडा येथें करण्याइतका अभ्यास आमचा नाहीं. पण ज्या भागांत उद्यां आणखी एक 'सरोवर' व्हावयाचें आहे तेथें आज घरें आहेत, कपाशी उभी आहे, पारावर माणसें बसतात, आणि विचारलें तर बोलतात. पुढील सुटींत आमची मोटार धबधब्याकडे न जातां त्या गांवांकडे जाणार आहे. मुलांना आम्हीं वह्या बरोबर घ्यावयास सांगितलें आहे, गांवांचीं नांवें लिहून घेण्यासाठीं.