परदेशी निघालेल्यांच्या पेट्या



घरातील कोणी परदेशी राहावयास निघाले म्हणजे ओटीवर प्रथम पेट्या येतात आणि त्यांच्यामागोमाग वाद येतो. सासूबाई म्हणतात मिक्सर न्या, सून म्हणते वजन किती होईल, आणि घरधनी भावकीतल्या एखाद्या आखातवाल्यास विचारून येतो. तो आखातवाला जे सांगतो ते मस्कतपुरते खरे असते. जाणारे मात्र टोरांटोस निघालेले असतात. खरी अडचण येथेच आहे.

खानापूर तालुक्यातील एका कुटुंबाची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. थोरला मुलगा बायकामुलांसह कॅनडास निघाला. काजूच्या हंगामात हाती आलेले पैसे बाजूस ठेवून आईने सुनेसाठी ७५० वॉटचा नवा मिक्सर घेतला. तिकडे पोहोचल्यावर चपट्या पिनांचा ॲडाप्टर आणून मिक्सर लावला. तो घुमला, पण भांड्यातले खोबरे काही वाटले जाईना. कोणी सुचविले म्हणून एक लहानसा, स्वस्त ट्रान्सफॉर्मर आणला. तो दुसऱ्याच दिवशी तापून जळाला. मिक्सर फडताळात जाऊन बसला. आईचा फोन येई तेव्हा सून सांगे, "आई, रोज त्यावरच वाटण करते हो." हे सुनेनेच आम्हांस सांगितले आणि आईंना कळू देऊ नका अशी विनंतीही केली, म्हणून गावाचे नाव देत नाही.

चूक कोणाची नव्हती. ठाऊक नव्हते इतकेच. आपल्याकडे घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो; कॅनडात व अमेरिकेत तो १२० व्होल्ट आहे. ॲडाप्टर पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. दाब बदलावयास ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ७५० वॉटच्या मिक्सरला दुपटीने ताकदीचा घ्यावा तेव्हा तो सुखाने चालतो. असा ट्रान्सफॉर्मर वजनाने मिक्सरहून जड भरतो. त्यापेक्षा तेथल्या भारतीय दुकानांतून मिळणारा, त्याच दाबावर चालणारा आपल्या पद्धतीचा मिक्सर घेणे शहाणपणाचे.

उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांची गत याहून वाईट. दाब निम्मा झाला म्हणजे उष्णता निम्मी नव्हे, जवळजवळ पावपट होते. येथली १००० वॉटची इस्त्री तेथे पावशेर काम करील; पाण्याची किटली, भाताचा कुकर यांचेही तेच. उलट तिकडची १२० व्होल्टची वस्तू कोणी कौतुकाने इकडे आणून भिंतीत खोचली, तर ती तत्काळ जळते.

मग न्यावे काय? वस्तू उलटी करावी आणि तळाशी चिकटविलेली पट्टी वाचावी. "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असे छापलेले असेल तर ती वस्तू जगात कोठेही चालेल. फक्त पिनांचा आकार पाहावा लागेल. फोनचे व लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. नुसते "२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ" असेल तर ती अमेरिका-कॅनडास नेऊ नये. हे वाचन दुकानात, पैसे देण्यापूर्वी झाले तर उत्तमच.

आखात किंवा विलायत गाठणाऱ्यांस ही चिंता कमी. ब्रिटन, ओमान, कुवेत, अमिराती येथे दाब आपल्यासारखाच आहे. सौदी अरबस्तानात दाब तोच, पण वारंवारता ५० ऐवजी ६० हर्ट्झ आहे. या सर्व ठिकाणी भिंतीतील खाच तीन चौकोनी पिनांची असते, आणि ब्रिटिश धर्तीच्या त्या प्लगच्या पोटातच फ्यूज असतो. तेथेही आपल्या इकडची खोड चालवून, वरच्या भोकात पेचकस घालून गोल पिना खुपसणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. तसे कदापि करू नये. घरात लेकरे असतात.

बॅटरीविषयी विमानकंपन्या कडक आहेत, आणि ते योग्यच आहे. पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या जवळच्या पिशवीत ठेवाव्यात. मोठ्या पेटीत नव्हेत. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा चालते. त्यावर १६० पर्यंत आधी कंपनीची परवानगी घ्यावी लागते.

आता खाण्याच्या पुड्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पेटीत घालू नयेत. त्यांतील तेलामुळे त्या आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात. शाकुतीचा मसाला बांधून देणाऱ्या आयांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: अमिरातींत व सौदी अरबस्तानात खसखस अमली पदार्थांत गणली जाते, आणि मूठभर खसखशीपायी माणसे तुरुंगात गेली आहेत. मसाला तिच्याशिवाय कुटावा. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही अमिरातींत पूर्वपरवानगीवाचून नेऊ नये. ब्रिटनला जाणाऱ्यांनी चोरिसांची माळ आणि दुधाचे पदार्थ घरीच खाऊन घ्यावेत. दगडी खलबत्त्यास मात्र कोठेही विजेचा दाब विचारावा लागत नाही. विमानतळावरच्या वजनकाट्यास तेवढे विचारावे.

जहाजाने सामान पाठविणाऱ्यांची फसगत पेटीवरूनच होते. गावच्या सुताराने आंब्याच्या वा फणसाच्या फळ्यांची सुरेख पेटी ठोकून दिली, तरी परदेशी बंदरात ती अडते. कच्च्या लाकडातून कीड जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापविलेले असावे आणि तसा शिक्का फळीवर असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. प्लायवूडला तो लागू नाही. तेव्हा सुताराकडून प्लायवूडचीच पेटी करून घ्यावी, मात्र खालच्या पट्ट्याही लाकडी नसाव्यात.

पेटीइतकीच यादी महत्त्वाची. कॅनडात स्थायिक होण्यास जाणाऱ्याने पहिल्यांदा उतरताच दोन याद्या द्याव्या लागतात: बरोबर आणलेल्या वस्तूंची आणि मागाहून येणाऱ्यांची. हाती एकच पिशवी असली तरी दुसरी यादी तेव्हाच द्यावी, नाही तर मागाहून आलेल्या सामानावर कर बसू शकतो. उपकरणांचे क्रमांक लिहावेत, दागिन्यांची छायाचित्रे लावावीत. ब्रिटनमध्ये करमाफीसाठी आधी अर्ज करावा लागतो, आणि वस्तू किमान सहा महिने आपल्या मालकीच्या व वापरातल्या असाव्या लागतात. म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेला नवा दूरदर्शन संच दोन्हींकडून नुकसानीचा.

कागदपत्रांच्या पिशवीत मुलांचे बाप्तिस्म्याचे व आपले विवाहाचे दाखले अवश्य असू द्यावेत. तिकडच्या धर्मग्रामात नाव नोंदविताना, मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ते मागितले जातात, आणि हजारो मैलांवरून दाखला मागविणे फादरांनाही जड जाते.

राहता राहिले मागे उरणारे घर. इन्व्हर्टरची बॅटरी बंद घरात ठेवून मारू नये. ज्याच्या घरी ती रोज वापरली जाईल अशा शेजाऱ्यास द्यावी. मिक्सर आईकडेच राहू द्यावा. फ्रिज रिकामा करून, धुऊन, प्लग काढून ठेवावा, आणि पावसाळ्यात आत बुरशी धरू नये म्हणून त्याच्या दारात एक दुमडलेले फडके अडकवून दार किंचित उघडे ठेवावे.