शहर कोणासाठी?

केंद्र सरकारने 2016 च्या जानेवारीत ‘स्मार्ट सिटी’ योजनेसाठी पहिली वीस शहरे निवडली, त्यांत आमचे बेळगाव होते. पुढे कित्येक रस्ते काँक्रीटचे झाले. पावसाळ्यात चिखल तुडवीत शाळेत येणाऱ्यांस त्याचे महत्त्व सांगावयास नको. परंतु टिळकवाडीतील जुन्या कलामंदिराच्या जागी याच योजनेतून व्यापारी संकुल उभे राहिले, तेव्हा मात्र मन खिन्न झाले.

दुकाने शहराला हवीतच. पण दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून जातो. गाण्याच्या बैठकीत शेजारी म्हणून बसतो. सीमाभागात तर ही गोष्ट विशेष मोलाची. कुमार गंधर्व 1924 साली येथून जवळच, सुळेभावी गावी, कानडी घरात जन्मले. मराठी नाट्यपदे आणि कबीराची भजने त्यांनी सारख्याच आपलेपणाने गायिली. बेळगावच्या रंगमंदिराला त्यांचेच नाव आहे. गाणे रंगू लागले म्हणजे शेजारच्या खुर्चीवरील माणसाची मातृभाषा कोण विचारतो? मी घरी कोंकणी, वर्गात मराठी आणि बाजारात कानडी बोलतो. या भाषांनी एकत्र बसावे कोठे, हा प्रश्न म्हणूनच मला पुस्तकी वाटत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी अभियंता होऊन उद्या निपाणीसारख्या गावाचा आराखडा काढील. त्याने नाटकाच्या तालमीची खोली आणि वाचनालयाचा ओटा आधी आखावा, गाळे मागाहून.