खातेवहीत खोटी नोंद चालत नाही, मग इतिहासात का?



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला जीवाश्म बघायला गेलो होतो. परत येताना पाचवीतल्या मुलाने गाडीत विचारलं, "आई, डायनासोर पहिल्या काळात होते की दुसऱ्या?" पाठशाळेत नुकतेच सहा काळ शिकलाय, म्हणून प्रश्न आला. मी तोंड उघडायच्या आत मागून नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, "आपल्या शास्त्रात सगळं आहे गं, सांग काहीतरी."

हे 'सांग काहीतरी' मला खटकलं. खरं सांगते, काही वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं.

मुलांना घरी जगाचा इतिहास शिकवताना धर्म बाजूला ठेवायचा, असं मी म्हटलं की आपल्या बायकांना वाटतं मी धर्म सोडायला सांगतेय. तसं नाही. सामायिकाच्या वेळी मी मुलांना शास्त्र सांगते. इतिहासाच्या तासाला पुरावा सांगते. एकाच तोंडाने दोन्ही सांगता येतं, फक्त कुठलं काय आहे हे मुलांना कळलं पाहिजे. मुलाला मी म्हटलं, "सहा काळ ही आपल्या शास्त्राची कालगणना. हे दगड मात्र खडकांच्या थरांवरून मोजलेत, ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत. दोन्हींची सांधाजोड मला येत नाही." त्याची श्रद्धा कमी झाली नाही. आईला जे येत नाही ते ती येत नाही म्हणते, एवढं त्याला कळलं.

काही जणी म्हणतील, मग आपला वारसा मुलांना कोण सांगणार? आपणच. पण पूर्ण सांगा. खारवेल राजाचा हाथीगुंफा लेख अरिहंत-सिद्धांना नमस्कार करून सुरू होतो, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच लेखात त्याच्या स्वाऱ्यांची यादी आहे, ती का गाळतो? चंद्रगुप्त मौर्य श्रवणबेळगोळला गेला ही आपली परंपरा. पण तिथला सर्वांत जुना लेख साधारण इ.स. 600 च्या सुमाराचा आहे, म्हणजे चंद्रगुप्तानंतर जवळजवळ 900 वर्षांनी कोरलेला. मुलांना हे अंतर सांगा. वीर निर्वाण आपण इ.स.पू. 527 धरतो, काही अभ्यासक ते बरंच अलीकडे आणतात, तेही सांगा. मोठी मुलगी आता स्वतःच विचारते, "हे लिहिलं कोणी आणि किती वर्षांनी?" मला यापेक्षा जास्त काही नको.

आता कडू भाग. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याला हवं तेवढं कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारने सारा वाढवला आणि कर्ज डोक्यावर राहिलं. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली. मग दंगा नगरपर्यंत पसरला आणि कर्जरोखे जाळले गेले. ते सावकार बहुतेक मारवाडी-गुजराती होते, त्यांत आपलेही लोक होते. अमेरिकेतल्या युद्धाची झळ थेट आपल्या पेढीपर्यंत आली! हा जगाचा इतिहास आहे आणि आपल्या घरचाही. आपण मुलांना फक्त दानशूर शेठांच्या गोष्टी सांगतो. अपरिग्रह शिकवायचा तर हा धडा गाळून कसा चालेल?

आणि आपण राहतो कुठे? चंद्रपूरला. गोंड राजांच्या परकोटाच्या आत आपली दुकानं आहेत. याच शहरात 21 ऑक्टोबर 1858 ला बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी फाशी दिली. 16 ऑक्टोबर 1956 ला डॉ. आंबेडकरांनी इथेच धम्मदीक्षा दिली. दर ऑक्टोबरला एवढी गर्दी का होते, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? भद्रावतीला आपण पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातो आणि तसेच परततो. त्याच गावातली विजासनची बौद्ध लेणी दाखवायला पाऊल का अडतं?

कोणी म्हणेल, अनेकांतवाद आहे ना, सगळ्यांचंच खरं. मला हे पटत नाही. अनेकांत म्हणजे वस्तूच्या अनेक बाजू कष्टाने तपासणं. न तपासता सगळं खरं म्हणणं हा आळस आहे. आणि सत्य अणुव्रत घेतलेल्या बाईने मुलाला 'काहीतरी' सांगणं मला तरी व्रतात बसत नाही.

मोठी तयारी लागत नाही. रविवारी जेवणं आटोपली की अर्धा तास, भिंतीवर जगाचा नकाशा आणि एक वही. प्रत्येक गोष्टीपुढे मुलांनी दोनच रकाने भरायचे: हे कोण सांगतं, आणि कशावरून सांगतं. आपल्या घरांत जमा-खर्चाची वही चोख ठेवतात, एक पैसा चुकला तरी रात्री शोधत बसतात. मग मुलांच्या डोक्यातली वही तेवढीच चोख नको का?

काकूंना मी गाडीत काही बोलले नाही, मोठ्या आहेत. पण घरी आल्यावर त्यांनीच मुलाला विचारलं, "ते दगड मोजतात तरी कसे रे?" मुलाने त्यांना समोर बसवून सांगितलं.

जय जिनेंद्र.