लांब पल्ल्याची रायफल, आखूड पल्ल्याचे सरकार



जिल्हा बैठकीत कापसाचा भाव झाला, पीककर्ज झाले, वीजबिल झाले, की हल्ली मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. रानडुकरे आणि रोही मारायला कारखान्याची कोणती बोल्टवाली रायफल घ्यावी? पाचशे मीटरवरून नेम लागेल अशी. विचारणाऱ्याच्या मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांची चित्रे असतात.

उत्तर आधी देतो, कारणे मागून. कोरडवाहू शेतकऱ्याने लांब पल्ल्याच्या रायफलीच्या नादी लागू नये. आणि ज्या सरकारने त्याच्यावर या नादाची पाळी आणली, त्याला मात्र सोडू नये.

आधी हत्यार पाहू. पाचशे मीटरचा नेम हा उघड्या डोंगरउतारावरचा, दिवसाउजेडीचा खेळ. तिथे गोळी चुकली तर समोरचा डोंगर ती पोटात घेतो. आपल्याकडे मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. दाणा दुधात आला की डुकरांचा कळप रात्री आत शिरतो. माळ्यावरच्या राखणदाराला चाळीस पावलांपलीकडचे काही दिसत नाही. फुटलेल्या कपाशीतही तीच गत. तिथे पाचशे मीटरची रायफल काय कामाची? उलट तिची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. सपाट काळ्या रानात तिला अडवायला डोंगर नाही. आडवा येईल तो शेजारच्या माळ्यावर जागल करणारा आपलाच भाऊ.

बाजारात मिळते काय, तेही बघा. परदेशी रायफल आयात करायला सामान्य शेतकऱ्याला वाट नाही. देशी म्हणजे मुख्यतः पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची. लष्कराच्या जुन्या ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर बेतलेली, टिकाऊ. पण गोळी जड, वेग बेताचा. दीडशे-दोनशे मीटरपर्यंत भरवशाची. हे वेगळे बोअर तरी का? लष्कराचे .३०३ चे काडतूस नेटिवाच्या हाती पडू नये, हा इंग्रजांचा हिशेब. इंग्रज गेले, .३०३ आजही मनाई बोअरमध्येच आहे.

ज्याच्याकडे मोकळे माळरान आहे, मागे टेकाड आहे आणि हात शिकलेला आहे, त्याने .३१५ चा विचार करावा. बाकीच्यांना बारा बोअरची बंदूक, जाड छर्ऱ्याचे काडतूस आणि माळ्यावरून खाली नेम एवढे पुरे. वरून मारलेला छर्रा जमिनीत जातो, शेजाऱ्याच्या अंगणात नाही.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे १३ वे कलम काढून वाचा. पीकसंरक्षणासाठी तिथे नाव आहे ठासणीच्या बंदुकीचे! नळीत दारू ठासा, गोळी ठासा, एक बार काढा आणि कळप पळून गेल्यावर पुन्हा ठासत बसा. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटलीच, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. पीकसंरक्षणाच्या त्या तरतुदीत रायफल नाहीच. तिच्यासाठी सबळ कारण दाखवायचे, आणि कारण सबळ आहे की नाही हे साहेबाने ठरवायचे.

लातूरकडून मुंबईला जाणारी आपली गाडी घाट उतरली की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही स्टेशने ओळीने लागतात. अंबरनाथला १९५३ पासून सरकारचा आयुध कारखाना आहे. काडतुसाची पुंगळी ज्यातून ओढून काढतात, ते पितळेचे कप तिथे बनतात. पुढच्या उल्हासनगरात कापसाच्या कापडाच्या जीन्स शिवल्या जातात. या तीन स्टेशनांच्या पट्ट्यात काडतुसाची सुरुवात होते आणि कापसाचा शेवट होतो. काडतुसे करणारे सरकारी कारखाने पुण्याजवळ खडकीला आणि आपल्या जळगावच्या कापूसपट्ट्यात वरणगावला आहेत. पितळ महाराष्ट्राचे, काडतूस महाराष्ट्राचे आणि महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ठासणी!

बंदूक मिळाली तरी बार काढता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारायला लेखी परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी ही परवानगी देता येते. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकासाठी त्याला मारायची परवानगी मिळत नाही, मारलेत तर तुरुंग. म्हणजे डुक्कर आणि रोह्यापुरते दार आहे, किल्ली साहेबाच्या खिशात. २०१५ मध्ये राज्य सरकारने हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. पण कागद तालुक्याला आणि डुक्कर शेतात, ही अवस्था सुटली नाही.

२०१६ साली चंद्रपूर जिल्ह्यात डुकरे मारायला हैदराबादहून शिकारी आणावा लागला. त्यावरून दिल्लीत एकाच सरकारचे दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, जाहीरपणे भांडले. मेलेल्या डुकरांची मोजदाद झाली. उद्ध्वस्त एकरांची मोजदाद करायला कुणी मंत्री पुढे आला नाही. केरळात मात्र २०२२ साली रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचे अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांना दिले गेले. देश तोच, कायदाही तोच.

आणखी एक गंमत बघा. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. २०१४, २०१९, २०२४ या तिन्ही विधानसभा निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. कापूस फुटलेला, खरीप ज्वारी कणसात, रब्बी ज्वारी कोवळी. ज्या दिवसांसाठी बंदूक घ्यायची, त्याच दिवसांत ती ठाण्याच्या कपाटात.

मग हताश झालेला माणूस बांधावर थेट विजेची तार सोडतो. तारेला डुक्कर कळत नाही. वाघ मरतो, गाय मरते, पहाटे पाणी द्यायला निघालेले शेजाऱ्याचे पोर मरते. भावांनो, तार सोडू नका. त्या तारेने जंगलखाते गुन्हेगार ठरत नाही, आपण ठरतो.

या बैठकीत तीन ठराव करू. पहिला, रानडुक्कर व रोही यांच्याबाबतचा निर्णय गावात व्हावा, ग्रामपंचायतीच्या पातळीवर. दुसरा, दर चार-पाच गावांमागे शिकलेल्या परवानाधारकांची एक तुकडी असावी. काडतुसाचा खर्च सरकारने सोसावा, कारण जनावर सरकारचे आहे. तिसरा, पीकसंरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा करू नयेत.

आणि उद्यापासून एक काम. नुकसान झाले की त्याच दिवशी फोटो काढा, लेखी अर्ज करा, पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न पेरलेले बी. पुढच्या बैठकीला रायफलीचे चित्र आणू नका. पोचपावत्यांचा गठ्ठा आणा. तो घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्याच्या दारात जाऊ.