खेप मोजता, तास का नाही?



नांदेडच्या मोंढ्यावर नाहीतर लातूरच्या मार्केट यार्डात जा. कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला विचारा, ओव्हरटाईम किती मिळतो? तो हसंल. म्हणंल, आपल्याला खेपंवर पैसे. खेप म्हणजे काय? माल भरून घ्यायचा, ताडपत्री बांधायची, रात्रभर स्टेअरिंग धरायचं, उतरवायच्या रांगेत दिवस काढायचा. सगळं एकाच पुडीत. त्या पुडीत तास गायब.

मी गोदीत माल उतरवतो. आमची पाळी निदान हजेरीत लिहितात. गेटबाहेर उभ्या मराठवाड्याच्या गाडीवाल्याची पाळी कुठंच लिहिलेली नसते.

हिशेब करा. नांदेड ते मुंबई सहाशेच्या आसपास किलोमीटर. भरलेली गाडी ताशी ४० नं धरली तर १५ तास. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा सांगत होता : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर मंजुरी घेऊन १० आणि ५४, आणि आठाच्या वरच्या तासाला दुप्पट मजुरी. मग दहाच्या पुढचे ५ तास कुणाचे? दुसऱ्या ड्रायव्हरचे. त्याचा पगार मालकाच्या खिशात राहिला, आणि पहिल्याची झोप गेली.

ते ५४ पण बघा. १९४६ साली मजूरमंत्री बाबासाहेबांनी कारखान्याचा आठवडा ५४ वरून ४८ वर आणणारं बिल मांडलं. १५ वर्षांनी तेच ५४ ट्रकवाल्याच्या बोकांडी बसवले.

तोही कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुना कायदा ५ कामगारांपासून लागायचा. कामाच्या तासांची नवी संहिता १० पासून. नऊ माणसं राबवणारा मालक सुटला. पण वेतन संहितेत जादा कामाला कमीत कमी दुप्पट दर लिहिलाय, आणि तिथं दहाची अट नाही. हा दोर सोडू नका.

मालक म्हणतो, रस्त्यावरचे तास मोजायचे कसे? वा रे शहाणे! डिझेल लिटरवर मोजता. धाब्यावर गाडी जरा जास्त थांबली की जीपीएस बघून फोन करता. फास्टॅगवर प्रत्येक टोलनाक्याची वेळ पडते. गाडी कुठंय ते कळतं, माणूस कधीपासून जागा आहे तेवढं कळत नाही?

तेव्हा वस्तीतल्या शिकल्या-सवरलेल्या पोरांनो, पोस्टर नंतर रंगवा. आधी शंभरपानी वह्या घेऊन मोंढ्यावर, यार्डात बसा. प्रत्येक ड्रायव्हरची आणि त्याच्या क्लीनरची वही लिहा : भरायला कधी लागला, सुटला कधी, नाके कुठले, रांगेत किती, माल उतरला कधी. तारीख, गाडीनंबर, खाली सही नाहीतर अंगठा. रांगेतली रात्र कामात धरायचीच, ही आपली पहिली मागणी. महिनाभराच्या वह्या झाल्या की ड्रायव्हरांना पुढं घालून लेबर ऑफिसच्या टेबलावर त्या आपटू. खेपेचा हिशेब मालकानं लय दिवस केला. आता तासाचा आपण करू.