विजेची सीट हातावर आणताना वेल्डिंगचा सोपा मार्ग नको

शहरात आठ-दहा वर्षे वापरलेल्या महागड्या गाड्या आता पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावीही येऊ लागल्या आहेत. त्यामुळे आपल्या गॅरेजवाल्या आणि कुशनवाल्या बांधवांसमोर एक नवे काम उभे राहिले आहे. बटणावर चालणारी ड्रायव्हरची सीट एक दिवस अडून बसते. नव्या सीटचा भाव ऐकून मालक दचकतो आणि आपल्या दारात येऊन म्हणतो, "उस्ताद, ही विजेची भानगड काढून टाका, हाताने सरकणारी करून द्या."

मागणी रास्त आहे. हाताची सीट म्हणजे कमीपणा नव्हे. मारुती ८०० च्या काळापासून आपण सीटखालची दांडी उचलून सीट सरकवत आलो आहोत. प्रश्न आहे तो काम कसे करायचे याचा. मोटर काढून टाकावी, सीट मालकाच्या मापाला आणावी आणि रेलला वेल्डिंगचे चार टाके मारून मोकळे व्हावे, असा मोह होतो. या मोहाला माझा स्पष्ट विरोध आहे.

कारण समजून घ्या. विजेच्या सीटच्या रेलमध्ये आट्यांचा लांब रॉड असतो. मोटर गिअरमार्फत तो फिरवते आणि सीट सरकते. सीट जागेवर धरून ठेवण्याचे कामही तो रॉड व गिअरच करतात. हाताच्या सीटमध्ये हे काम खटका करतो. दांडी सोडताच तो रेलच्या दात्यांत बसतो. म्हणजे मोटर काढली की सीटचे कुलूपच निघाले. त्या जागी टाके मारले तर उष्णतेने तिथला पत्रा कमजोर होतो, आणि उंचीने वेगळा माणूस चालवायला बसला तर त्याचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाही.

अमेरिकेच्या नियमानुसार सीटने स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोर सहन केला पाहिजे. २५ किलोची सीट असेल तर ५०० किलो! बेल्टचे बक्कल सीटलाच असेल तर माणसाचा भारही त्यातच आला. करंजी घाट उतरताना जोरात ब्रेक दाबला आणि सीट सरकली तर काय होईल, हे सांगायला नको.

मग योग्य मार्ग कोणता? पहिले म्हणजे बिघाड खरोखर मोठा आहे का ते पाहा. फ्यूज तपासा. सीटखालचा कपलर चिखल-पाण्याने गंजला आहे का, बटणाचे पॉइंट काळे पडले आहेत का, रेलमध्ये नाणे किंवा पेन अडकले आहे का, ते पाहा. मोटरला थेट बारा व्होल्ट दिल्यावर ती फिरली तर दोष मोटरचा नाही. काही रुपयांच्या फ्यूजवर काम भागले तर हजारोंचे काम हातचे जाईल, हे खरे. म्हणून तपासणीची मजुरी वेगळी आणि उघडपणे घ्या. डोके चालवले त्याचे पैसे मागण्यात लाज कसली?

दुसरे, बदल करायचाच असेल तर त्याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीची पूर्ण चौकट रेलसकट बसवा. २०१६ साली आलेल्या इनोव्हा क्रिस्टाचेच पाहा. वरच्या झेडएक्स श्रेणीत ड्रायव्हरची सीट विजेची, तर जीएक्समध्ये हाताची. कुर्ल्यासारख्या जुन्या पार्टच्या बाजारातून माल आणताना तो अपघातातल्या गाडीचा नाही ना, रेल वाकलेली नाही ना, दोन्ही बाजूंचे खटके एकदम बसतात ना, हे हाताने पारखून घ्या. मूळ बोल्टची छिद्रे जुळत नसतील तर नवी पाडू नका. बोल्टही मूळच्याच ताकदीचे हवेत.

तिसरी गोष्ट एअरबॅगची. वरच्या श्रेणीच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते आणि खालच्या श्रेणीत नसते, असे अनेकदा आढळते. अशी सीट बदलली की एक संरक्षण कायमचे गेले. तिथे बदल नको, दुरुस्तीच करा. डॅशबोर्डवरचा दिवा विझवण्यासाठी रेझिस्टन्स लावणे ही उघड फसवणूक आहे. एअरबॅगचा कपलर बहुधा पिवळा असतो. त्याला टेस्ट लॅम्प लावू नका. सीटला हात घालण्यापूर्वी बॅटरीची वायर काढून कंपनीने सांगितलेली मिनिटे थांबा. कुशनवाल्या बांधवांनीही लक्षात ठेवावे, की एअरबॅगच्या शिवणीवर जाड कव्हर चढवले तर ती वेळेवर उघडणार नाही. बेल्टच्या बक्कलची वायर पुन्हा जोडल्याशिवाय गाडी देऊ नका.

शेवटची गोष्ट बिलाची. काय काढले, काय बसवले, जुना पार्ट की नवा, हे बिलावर लिहून द्या. गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीही ही सीट बदललेली आहे, असे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. मालातला ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते.

एखादा मालक म्हणेल, "एवढे कशाला, टाके मारून द्या." त्याला नकार द्या. तो कदाचित दुसरीकडे जाईल. पण त्या सीटवर उद्या त्याचा मुलगा बसणार आहे, आणि काही झाले तर गावात पहिला प्रश्न हाच निघेल : काम कोणी केले होते?