कॉन्फिडन्स आरशासमोर येत नाही, वहीत येतो

परवा क्लासमध्ये एका ताईंनी विचारलं, "मॅडम, वस्तू छान बनते हो, पण किंमत सांगताना जीभच अडखळते. कॉन्फिडन्स कसा आणायचा?"

यावर बरेच जण सांगतात, आरशासमोर उभं राहून 'मी करू शकते' म्हणा. माझं मत वेगळं आहे. जीभ अडखळते, कारण आपली किंमत बरोबर आहे की नाही हे आपल्यालाच माहीत नसतं. आपण ती अंदाजाने ठरवलेली असते.

माझंच सांगते. सुरुवातीला दिवाळीच्या आधी तीन दिवसांच्या प्रदर्शनात खणाच्या पर्सेस ठेवल्या होत्या. शेजारच्या स्टॉलवर साधारण २५० रुपये होते, म्हणून मीही २५० लावले. चाळीसच्या चाळीस संपल्या! हातात १०,००० रुपये. घरी पेढे नेले.

रात्री वही घेऊन बसले. खण, अस्तर, फोम, चेन, हँडल, पॅकिंग धरून एका पर्सला १७० रुपये, म्हणजे ६,८०० गेले. स्टॉलचं भाडं ३,०००. उरले २०० रुपये. एका पर्सला दोन तास, म्हणजे ८० तास शिवणकाम केलं होतं मी! पेढ्यांचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. बीबीएला कॉस्टिंग शिकले होते, पण स्वतःच्या पर्सला ते लावायचं सुचलंच नव्हतं.

मग नीट हिशोब मांडला. साहित्य १७०, मेहनत ताशी ७५ प्रमाणे १५०, स्टॉलचा वाटा ७५. झाले ३९५. वर थोडा नफा धरून किंमत ४५०.

पुढच्या प्रदर्शनात पहिलं गिऱ्हाईक आलं. मी म्हणाले, "साडेचारशे... पण तुम्हाला चारशेला देते." अहो, त्या बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं! भाव त्यांनी नाही, मीच पाडला. तेव्हापासून एक नियम केला: किंमत सांगायची आणि गप्प बसायचं.

"बाजारात दोनशेला मिळते" असं ऐकावं लागलंच. काहीजणी पर्स ठेवून निघूनही गेल्या. वाईट वाटलं, पण हातपाय गळाले नाहीत, कारण ३९५ चा आकडा डोक्यात पक्का होता. त्या वेळी चाळीसऐवजी २६ पर्सेस गेल्या. साहित्य आणि भाडं वजा जाऊन हातात चार हजारांच्या वर उरले. उरलेल्या पर्सेस पुढे दुकानातून विकल्या.

आता कोणी म्हणेल, आमच्या गावात ४५० कोण देणार? खरं आहे, प्रत्येक ठिकाणी नाही देणार. मग अर्ध्या तासात होणारं छोटं पाकीट बनवा, स्वस्तातलं अस्तर शोधा. डिझाइन बदला, पण स्वतःची मजुरी शून्य धरू नका. 'घरीच तर बसून करते' हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या हातांना महागात पडलंय.

या आठवड्यात एकच करा. तुमची एक वस्तू घ्या, घड्याळ लावून बनवा आणि दोऱ्यापासून रिक्षाभाड्यापर्यंत सगळं वहीत लिहा. मग ती किंमत घरात कुणालातरी मोठ्याने सांगा आणि गप्प बसा.

पहिल्यांदा आवाज कापेल. कापू दे. आकडा मात्र बदलू नका!

भेटू पुढच्या व्हिडिओत.